इयान राइटचे शनिवार

शनिवारी रात्री बीबीसीवर ‘मॅच ऑफ द डे’ लागायची वेळ झाली की सावत्र बाप दोघा भावांना हुकूम सोडायचा: तोंडं भिंतीकडे करा. टीव्ही त्याच खोलीत चालू. दिवसभरातल्या फुटबॉल सामन्यांची क्षणचित्रं पाठीमागे सरकत राहायची आणि ही पोरं भिंत बघत नुसती ऐकायची. समालोचकाचा चढत जाणारा आवाज, प्रेक्षकांचा गलका, गोल झाल्यावर उसळणारी आरोळी. मान वळवायची सोय नाही. कारण काय, तर बापाच्या मनात आलं म्हणून. ही गोष्ट दक्षिण लंडनमधल्या ब्रॉकली भागातली, आणि त्या दोघांतला धाकटा इयान राइट.

पुढे हाच इयान लंडनच्या आर्सेनल क्लबासाठी १८५ गोल करतो, इंग्लंडकडून ३३ सामने खेळतो आणि बूट टांगून ठेवल्यावर त्याच ‘मॅच ऑफ द डे’च्या स्टुडिओत विश्लेषक म्हणून बसतो. ज्या कार्यक्रमाकडे पाठ करून उभं राहावं लागलं, त्या कार्यक्रमाचा तो चेहरा झाला. या कार्यक्रमाला तो ‘माझं ग्रेसलँड’ म्हणतो. एल्विस प्रेस्लीच्या मेम्फिसमधल्या घराचं हे नाव. एल्विसच्या भक्तांची ती पंढरी. राइटच्या तोंडी हा शब्द कितीदा तरी ऐकलाय आणि दरवेळी तो मनापासूनच म्हणतोय असं वाटतं.

माजी खेळाडू टीव्हीवर बोलायला बसणं ही आता इतकी रुळलेली गोष्ट आहे की ती कधीतरी सुरू झाली असेल हेच लक्षात येत नाही. ‘मॅच ऑफ द डे’चा पहिला भाग २२ ऑगस्ट १९६४ ला दाखवला गेला. अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ असं हरवलं होतं. बघणारे जेमतेम २० हजारांच्या घरात, म्हणजे मैदानात बसलेल्या लोकांपेक्षाही कमी. राइट तेव्हा वर्षाचाही झालेला नव्हता. स्टुडिओत चार-पाच खेळाडूंना एकत्र बसवून त्यांना भांडू द्यायची कल्पना १९७० च्या विश्वचषकात आयटीव्ही या बीबीसीच्या स्पर्धक वाहिनीने रुजवली. माल्कम अ‍ॅलिसन, पॅट क्रेरँड, डेरेक डूगन, बॉब मॅकनॅब ही मंडळी सामन्याआधी आणि नंतर एकमेकांचं बोलणं खोडून काढायची आणि लोकांना ते बेहद्द आवडलं. मग १९९० च्या दशकात अ‍ॅलन हॅन्सन आला. लिव्हरपूलचा हा जुना बचावपटू पडद्यावरचं चित्र थांबवून दाखवायचा की गोल कुणी केला यापेक्षा तो कुणामुळे झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेड अ‍ॅस्टन व्हिलाकडून हरल्यावर तो म्हणाला, पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. त्या पोरांनी त्याच हंगामात लीग आणि एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) दोन्ही जिंकले, आणि हॅन्सनचं ते वाक्य त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा जास्त लोकांना पाठ झालं. या धंद्यात हे असंच चालतं. पंधरा वर्षं नीट बोललेलं कुणाला आठवत नाही.

हॅन्सनकडे लिव्हरपूलच्या सुवर्णकाळाची कमाई होती. आजचे विश्लेषक गॅरी नेव्हिल आणि जेमी कॅरॅगर यांच्याकडे एकाच क्लबात पोराटकीपासून घडल्याची शिस्त आहे. ही माणसं फुटबॉल आतून ओळखतात, कारण ती कधी बाहेर नव्हतीच. राइटचं तसं नाही. तो जवळपास बावीस वर्षांचा होईपर्यंत बाहेरच होता. मला वाटतं, त्याचं सगळं बोलणं तिथून येतं.

लहानपणी साउथएंड आणि ब्रायटन या क्लबांनी त्याला चाचणीसाठी बोलावलं आणि परत पाठवलं. मग तो विटा-प्लॅस्टरची कामं करू लागला आणि रविवारी ‘टेन-एम-बी’ नावाच्या हौशी संघाकडून खेळू लागला. लग्नाविना बाप झालेला, हातात पैसा नाही. गाडीचे दंड भरले नाहीत म्हणून चेम्सफर्डच्या तुरुंगात दोन आठवडे काढावे लागले. तिथल्या कोठडीत आपण रडलो आणि फुटबॉलपटू व्हायचंच अशी शपथ घेतली, हे त्याने पुष्कळदा सांगितलंय. ऑगस्ट १९८५ मध्ये क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या क्लबाचा व्यवस्थापक स्टीव्ह कॉपेल याने त्याला करारबद्ध केलं. पॅलेस तेव्हा दुसऱ्या विभागात होता. ज्या वयात त्याच्या बरोबरीच्या पोरांचे शंभरेक व्यावसायिक सामने होऊन गेलेले असतात, त्या वयात हा पहिल्यांदा व्यावसायिक क्लबाचा पगार घेत होता.

त्याची गोल केल्यावरची धावपळ, उड्या, नाच ज्यांनी पाहिलाय त्यांना त्यात काही वेळा दिखाऊपणा वाटायचा. मला तो आनंद उशिरा मिळाल्याचा वाटतो. उद्या पुन्हा कामावर जावं लागेल की काय, अशी धास्ती ज्याला माहीत आहे त्याचा.

मे १९९० चा एफए कपचा अंतिम सामना बघा. त्या हंगामात राइटच्या पायाचं हाड दोनदा मोडलं होतं. उपांत्य फेरीत पॅलेसने लिव्हरपूलला ४-३ हरवलं तेव्हा तो मैदानाबाहेर होता. याच लिव्हरपूलने त्याच हंगामात पॅलेसला ९-० धुतलं होतं. वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पॅलेस २-१ मागे पडल्यावर कॉपेलने त्याला बदली खेळाडू म्हणून उतरवलं. काही मिनिटांत त्याने डावीकडून आत घुसत बरोबरी साधली. जादा वेळात आणखी एक गोल केला. पॅलेस ३-२ पुढे. मग मार्क ह्यूजने ३-३ केलं, सामना पुन्हा खेळवावा लागला आणि युनायटेड १-० ने जिंकलं. हरलेल्या बाजूचा असूनही त्या कपची आठवण राइटच्या नावाने निघते.

सप्टेंबर १९९१ मध्ये आर्सेनलने त्याला २५ लाख पौंड मोजून घेतलं. साउदॅम्प्टनविरुद्धच्या पहिल्याच लीग सामन्यात हॅटट्रिक. त्या हंगामाचा शेवटचा दिवसही साउदॅम्प्टनविरुद्धचाच. लीगमधल्या सर्वाधिक गोलांसाठी त्याची आणि टॉटनहॅमच्या गॅरी लिनेकरची चुरस होती. लिनेकरने त्या दिवशी गोल केला, राइटने तीन केले. २९ विरुद्ध २८. हा लिनेकर पुढे वर्षानुवर्षं ‘मॅच ऑफ द डे’चा सूत्रसंचालक होता आणि राइट त्याच्या शेजारच्या खुर्चीत. दोघांना एकत्र बघताना हा एका गोलाचा फरक मला हमखास आठवायचा.

पण राइटची गोष्ट सांगताना सगळ्यात जास्त थांबावं लागतं ते सिडनी पिग्डन सरांपाशी.

ब्रॉकलीच्या प्राथमिक शाळेत हा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना वर्गाबाहेर काढलेला असायचा. घरातला राग शाळेत निघायचा. पिग्डन सरांनी त्याला जवळ केलं. लिहाय-वाचायला शिकवलं. वर्गावर्गांतून हजेरीपट गोळा करून आणायची जबाबदारी दिली, दूधवाटपाचं काम दिलं. ज्या पोराला घरी कुणी मोजत नव्हतं त्याच्या हातात शाळेचे हजेरीपट आले. आणि सरांनी त्याला फुटबॉल शिकवला. पोरगा चेंडू दिसला की जीव खाऊन मारायचा. सर इंग्लंडच्या नावाजलेल्या स्ट्रायकरचं उदाहरण द्यायचे. म्हणायचे, जिमी ग्रीव्हज कसा गोल करतो बघ, तो जाळ्यात चेंडू पास करतो. जोर लावू नकोस, शांत राहा.

हे शिकवणं किती खोल गेलं ते बघायचं असेल तर ऑगस्ट १९९३ मधला एव्हर्टनविरुद्धचा गोल शोधून बघा. मी तो पुन्हा पुन्हा बघतो. चेंडू उंचावरून येतो. एव्हर्टनचा मॅट जॅक्सन अंगावर आलेला. राइट चेंडू खाली पडू देत नाही. बुटाने तो जॅक्सनच्या पलीकडे उचलतो, जॅक्सन वळतो, तेवढ्यात चेंडू पुन्हा उलट्या बाजूने त्याच्या डोक्यावरून निघून जातो. बचावपटू दोनदा फिरून रिकाम्या जागेकडे बघत राहिलेला. समोर नेव्हिल साउथॉल, त्या काळातला इंग्लिश लीगमधला भरभक्कम गोलरक्षक, दोन पावलं पुढे सरकलेला. इथे शंभरातले नव्याण्णव स्ट्रायकर फटका मारतात. राइट बुटाच्या टोकाने चेंडू नुसता वर ढकलतो. तो साउथॉलच्या वरून सावकाश जातो आणि जाळ्यात उतरतो. अंगात एवढी आग असलेल्या माणसाचा हा गोल इतका निवांत आहे, की त्यामागे ब्रॉकलीच्या शाळेतलं मैदान दिसल्याशिवाय राहत नाही.

पुष्कळ वर्षांनी, खेळणं थांबल्यावर, एका माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी राइट आर्सेनलच्या जुन्या मैदानावर, हायबरीच्या रिकाम्या स्टँडमध्ये उभा असतो. सर आता या जगात नाहीत असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. मागून हाक येते. तो वळतो. समोर कोट घातलेले पिग्डन सर. पहिल्यांदा राइट काय करतो, तर डोक्यावरची टोपी काढतो. मागचा-पुढचा विचार न करता हात आपोआप वर जातो. चाळिशीचा माणूस, हायबरीचा राजा, एका क्षणात वर्गातला पोर होतो. तुम्ही गेलात असं मला सांगितलं होतं, असं म्हणत तो सरांच्या गळ्यात पडतो आणि रडायला लागतो. सर त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहतात.

पिग्डन सर दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक. युद्धानंतर बकिंगहॅम राजवाड्यावरून झालेल्या उड्डाणात निवडक वैमानिकांत त्यांची निवड झाली होती. २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना राइटने सांगितलं, की सर म्हणाले, त्या उड्डाणापेक्षा तू इंग्लंडकडून खेळलास याचा मला जास्त अभिमान आहे. हे सांगताना त्याचा आवाज फुटला. सर २०१७ मध्ये गेले.

खेळाडू म्हणून उरलेला हिशोब थोडक्यात सांगतो, कारण तो आकड्यांच्या पुस्तकात सापडतो. १९९३ मध्ये एफए कप आणि लीग कप. एफए कपच्या अंतिम सामन्यातही त्याचा गोल आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यातही. १९९४ चा युरोपियन कप विनर्स कप आर्सेनलने जिंकला तेव्हा दाखवलेल्या कार्डामुळे तो अंतिम सामन्याला मुकला. उपांत्य सामन्यात ते कार्ड मिळालं तेव्हा मैदानातच त्याला रडू कोसळलं होतं. १३ सप्टेंबर १९९७ ला बोल्टनविरुद्ध त्याने क्लिफ बॅस्टिनचा १७८ गोलांचा विक्रम मोडला. पहिला गोल झाल्याबरोबर त्याने जर्सी वर करून आतल्या बनियनवरचा १७९ चा आकडा दाखवला. तो गोल होता १७८ वा. पाच मिनिटांत पुढचा झाला आणि हिशोब जुळला. २००५ मध्ये थिएरी ऑन्रीने हा विक्रम मागे टाकला. तोही आता टीव्हीवर विश्लेषण करतो.

ही सगळी वर्षं एका माणसाशिवाय पुरी होत नाहीत. डेव्हिड रोकॅसल. राइटच्याच वस्तीतला, त्याच्याहून साडेतीन वर्षांनी लहान, पण आर्सेनलमध्ये त्याच्या कितीतरी आधी पोहोचलेला. राइट बाहेर धडपडत असताना हा धाकटा त्याला धीर द्यायचा. मार्च २००१ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी कर्करोगाने रोकॅसल गेला. राइट त्याच्याविषयी बोलतो तेव्हा अजूनही वाक्य अर्धवट सोडतो.

टीव्हीवर राइट खेळत असतानाच आला होता. १९९८ मध्ये आयटीव्हीवर त्याच्या नावाचा गप्पांचा कार्यक्रम होता. तो हसायचा मोठ्याने, बोलायचा दक्षिण लंडनच्या ढंगात, पाहुण्यांना मिठ्या मारायचा. निर्मात्यांना असा माणूस सोन्याच्या खाणीसारखा वाटला तर नवल नाही. खेळ संपल्यावर तो बीबीसीच्या स्टुडिओत आला. आणि तिथे एक गोष्ट हळूहळू घडत गेली, जी मला त्याच्या दुसऱ्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची वाटते.

त्याच्या शेजारी हॅन्सन आणि अ‍ॅलन शिअरर. गंभीर मुद्दे त्यांनी मांडायचे आणि वातावरण हलकं करायला राइट. इंग्लंडचा गोल झाला की कॅमेरा त्याच्याकडे, कारण तो नाचणार हे ठरलेलं. २००८ मध्ये त्याने बीबीसी सोडली आणि जाताना सांगून टाकलं, की मला तिथे विदूषक करून ठेवलंय असं वाटतं. कोट-टाय घालून बसायच्या जुन्या पठडीलाही त्याने नावं ठेवली. तेव्हा बऱ्याच जणांना हा आगाऊपणा वाटला. एवढी चांगली नोकरी, आणि हा रुसून निघाला!

मला तसं वाटत नाही. विदूषक म्हणून बसवलेल्या माणसाच्या जागी काळा माणूस असतो तेव्हा त्या मांडणीला आणखी एक अर्थ येतो, आणि तो राइटला कळला नसेल असं मानणं भोळेपणाचं आहे. गंभीर चेहऱ्याच्या माणसाला खेळ कळतो आणि हसऱ्या माणसाला तो फक्त आवडतो, ही समजूत स्टुडिओत फार पक्की आहे. प्रत्यक्षात २००५ पर्यंत आर्सेनलच्या इतिहासात सर्वाधिक गोल नावावर असलेल्या माणसाला पेनल्टी बॉक्समध्ये काय घडतं हे विचारायचं सोडून ते लोक त्याच्या हसण्याची वाट बघत होते.

काही वर्षांनी तो परत आला आणि या वेळी खुर्ची वेगळी होती, किंवा तो वेगळा होता. हसणं तेच. पण आता कुणी स्ट्रायकरने सोपी संधी दवडली तर राइट चित्र थांबवून दाखवायचा, की पास येण्याआधीच त्याचं शरीर चुकीच्या दिशेला वळलंय, त्याने गोलरक्षकाकडे फार आधी बघितलं, घाई केली. आणि हे सांगताना त्याच्या आवाजात चेष्टा नसायची. चुकलेल्या खेळाडूविषयी कळवळा असायचा. नेव्हिल-कॅरॅगर यांच्यासारखी रेघांची, बाणांची, जागांची उकल त्याच्याकडे कमी आहे आणि त्या बाबतीत मी कुणाला तरी आधी निवडायचं झालं तर त्या दोघांनाच निवडेन. पण सामना संपल्यावर एखादा वीस वर्षांचा पोरगा खाली मान घालून बोगद्याकडे जाताना दिसतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललं असेल हे ऐकायला मला राइट लागतो.

बाहेरून दिसतं त्यापेक्षा हे काम किचकट आहे. शनिवारी दुपारपासून विश्लेषक सॅल्फर्डच्या स्टुडिओत पडद्यांच्या रांगेसमोर बसतात. एकाच वेळी अनेक सामने चालू. काय दाखवायचं ते टिपून ठेवायचं, संपादकांना सांगायचं, त्यांनी तुकडे कापून जोडायचे, आणि रात्री प्रक्षेपणात एका सामन्याच्या वाट्याला मोजकी मिनिटं. त्यातही शेजारच्याने आपलाच मुद्दा आधी मांडला तर नवा शोधायचा. दहा तास बघून बोलायला मिळतं ते एवढंसं. जे विश्लेषक रटाळ वाटतात त्यातल्या बहुतेकांनी हे दहा तास नीट दिलेले नसतात, असं माझं मत आहे.

मे २०२१ मध्ये बीबीसीवर राइटचा घरगुती हिंसाचारावरचा माहितीपट आला, ‘होम ट्रुथ्स’. त्यात तो लहानपणीच्या घरात परत गेला. आईला मारहाण होत असताना थोरला भाऊ इयानचे कान झाकून धरायचा, हे त्याने तिथे उभं राहून सांगितलं. भिंतीकडे तोंड करायच्या त्या शनिवारांविषयीही तो बोलला. देशातला एक लाडका, हसरा, प्रसिद्ध माणूस एवढं सगळं लोकांसमोर मांडतो आणि त्यातून अशा घरांतल्या मुलांचं पुढे काय होतं हे तज्ज्ञांना विचारत फिरतो. या माहितीपटानंतर त्याचं स्टुडिओतलं हसणं बघायची माझी नजर बदलली. ते हसणं त्याने कमावलेलं होतं.

चेहरा जितका ओळखीचा तितका तो शिव्यांना सोपा. २०२० मध्ये आयर्लंडमधल्या एका कोवळ्या पोराने त्याच्यावर वर्णद्वेषी संदेशांचा भडिमार केला, तोही व्हिडिओ गेममध्ये हरल्याच्या रागातून. राइटने त्याला माफ केलं. न्यायालयाने पोरावर गुन्ह्याचा शिक्का बसू दिला नाही, तेव्हा मात्र आपली निराशा त्याने लपवली नाही. माफी वेगळी आणि न्याय वेगळा, ही गोष्ट त्याने अतिशय स्वच्छपणे मांडली.

मग मार्च २०२३. ब्रिटिश सरकारच्या आश्रय मागणाऱ्यांविषयीच्या धोरणावर लिनेकरने ट्विटरवर टीका केली आणि बीबीसीने त्याला कार्यक्रमातून बाजूला केलं. काही वेळातच राइटने जाहीर केलं: ‘मॅच ऑफ द डे’ माझ्यासाठी काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण उद्या मी येणार नाही. पाठोपाठ शिअरर, मग एकेक करून बाकीचे, समालोचकसुद्धा. त्या शनिवारी कार्यक्रम वीस मिनिटांचा झाला. सूत्रसंचालक नाही, विश्लेषक नाहीत, समालोचन नाही, सुरुवातीची ओळखीची धूनसुद्धा नाही. नुसती चित्रं आणि मैदानातला गलका. लहानपणी राइटच्या वाट्याला चित्राविना आवाज आला होता. त्या रात्री त्याच्या एका नकाराने सगळ्या देशाला समालोचनाविना चित्रं बघावी लागली.

ज्याला आपण पंढरी मानतो तिथे जायला नकार देणं सोपं नसतं. लिनेकरचं मत बरोबर की चूक हा वाद ज्याने त्याने घालावा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सगळ्यांत आधी उठला तो राइट, ज्याला त्या खुर्चीची किंमत सगळ्यांत जास्त होती. पुढच्या आठवड्यात सगळे परतले.

त्याच्या बोलण्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट जुलै २०२२ मधली आहे. महिलांच्या युरो स्पर्धेत इंग्लंडने उपांत्य फेरीत स्वीडनला ४-० हरवलं. स्टुडिओत जल्लोष. राइटने त्या जल्लोषातच विषय शाळेकडे वळवला. अंतिम सामन्यात काहीही होवो, पण या सगळ्यानंतरही शाळेतल्या खेळाच्या तासाला मुलांसारखाच फुटबॉल मुलींना खेळता येणार नसेल, तर आपण करतोय काय, असा त्याचा सवाल होता. इंग्लंडने अंतिम सामना जिंकला, खेळाडूंनी त्याच मागणीचं खुलं पत्र लिहिलं, आणि मार्च २०२३ मध्ये सरकारने शाळांमध्ये मुलींना खेळांची समान संधी देण्याची घोषणा केली. श्रेय त्या खेळाडूंचं. पण टीव्हीवर, लाखो लोक आनंदात असताना, शाळेच्या तासाची आठवण काढणारा तो होता, आणि त्याला ती का झाली हे पिग्डन सरांची गोष्ट माहीत असलेल्याला सांगायला नको. शाळेत एका मोठ्या माणसाने चेंडू पायाशी दिला म्हणून वाचलेला तो मुलगा होता.

२०२३-२४ च्या हंगामाअखेर त्याने ‘मॅच ऑफ द डे’ सोडलं. शनिवार आता आपल्या मर्जीने घालवायचे, असं त्याचं म्हणणं होतं. नेव्हिल, कॅरॅगर, रॉय कीन आणि जिल स्कॉट यांच्यासोबत त्याचं ‘स्टिक टु फुटबॉल’ पॉडकास्ट चालू राहिलं. कीनसारख्या कडक माणसालाही तो हसवतो. पडद्यावरच्या रेघा-बाणांपेक्षा टेबलाभोवतीच्या गप्पांत त्याचं खरं बळ दिसतं, असं मला वाटतं.

२०२५ मध्ये एक कडवट प्रसंग आला, आणि तो वगळणं योग्य होणार नाही. इंग्लंडची माजी खेळाडू एनी अलुको रेडिओवर म्हणाली, की महिला फुटबॉलच्या कार्यक्रमांतल्या जागा मोजक्या आहेत आणि राइटसारख्या पुरुषांनी आपण त्यातल्या किती घेतोय याचं भान ठेवावं. गदारोळ झाला. अलुकोने जाहीर माफी मागितली. राइट म्हणाला, ही माफी मी स्वीकारू शकत नाही, पण विषय मागे टाकायचा आहे. त्याला लागलं होतं. महिला फुटबॉलच्या पाठीशी इतकी वर्षं उभं राहिल्यावर हे ऐकावं लागलं. मी राइटच्या बाजूने झुकतो हे उघड आहे, पण अलुकोने उभा केलेला प्रश्न खोटा नव्हता. दुसऱ्या बाजूच्या, पुरुषांच्या सामन्यांच्या स्टुडिओत बायकांना किती खुर्च्या मिळतात हे पाहिलं की तिची घुसमट कळते. ज्या माणसाने स्वतः कोपऱ्यातली खुर्ची नाकारली होती, त्याला ती कळायला हवी होती, असंही मला वाटतं. तिने त्याचं नाव घ्यायला नको होतं. त्याने माफी घ्यायला हवी होती.

त्याच उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये महिलांची युरो स्पर्धा झाली आणि आयटीव्हीच्या चमूत एमा हेज, कॅरन कार्नी यांच्याबरोबर राइट होता. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्ध इंग्लंड मागे असताना मिशेल अजेमांग ही १९ वर्षांची स्ट्रायकर बदली म्हणून उतरली आणि तिने बरोबरी साधली. उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध पुन्हा तेच, तेही जादा मिळालेल्या मिनिटांत. आर्सेनलची पोरगी. मागे पडलेल्या संघासाठी उशिरा मैदानात उतरून बरोबरीचा गोल करणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला त्या चमूत १९९० चं वेम्बली अंगावर घेतलेला माणूस होता.